मधले रीळ

आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. पडद्यासमोर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, बुडाखाली जमीन आणि तंबूमागे धडधडणारे जनरेटर, असा सारा थाट. जत्रेच्या शेवटच्या रात्री गर्दी फार. एक खेळ जास्त बसवावा म्हणून तंबूवाला मधले एक रीळ गाळीत असे. नायिका विहिरीवर पाणी भरीत असलेली दिसे आणि पापणी लवते न लवते तो तिच्या कडेवर मूल दिसे! लोक हसत आणि सोडून देत.

पण आमच्या आळीत एक आबा होते. जत्रेतला एकही खेळ त्यांनी कधी चुकवला नाही. एका वर्षी ते तंबूत ताडकन उभे राहिले आणि मागे वळून ओरडले, "अरे, मधले रीळ कुठे गेले? पैसे तर पुरे घेतलेस!"

तंबूवाला हसत म्हणाला, "आबा, तुम्ही कालच पाहिलाय की हा खेळ. तुमचे काय बुडाले?"

"काल पाहिला म्हणून तर आज कळले!" आबा म्हणाले.

हे उत्तर मला पुढे पुष्कळ वर्षांनी एका निराळ्याच मुलखात आठवले. २०१९ च्या मे महिन्यात मी धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. माझी भाची मला डिस्नेलँड दाखवायला घेऊन गेली. तिच्याजवळ वर्षाचा पास होता आणि आपल्याकडे एखाद्या म्हातारीला देवळाचा खांबन् खांब ठाऊक असावा तशी तिला त्या जागेची माहिती होती.

करमणुकीचे उद्यान हा टीकालेखाचा विषय कसा, असे काही वाचकांना वाटेल. परंतु जी वस्तू कोणी एका कल्पनेने रचली, जिला आरंभ, मध्य आणि शेवट आहे आणि जी पाहून माणसाच्या मनावर काही एक ठसा उमटतो, तिची समीक्षा का करू नये? डिस्नेलँड ही अशी रचलेली वस्तू आहे. अनाहाइम गावी संत्र्यांच्या बागांच्या १६० एकर जागेवर ते उभे राहिले आणि १७ जुलै १९५५ रोजी उघडले. भोवती मातीचा उंच बांध घातला आहे. त्या बांधावरून वाफेची आगगाडी फिरते. बाहेरचे रस्ते, विजेचे खांब, मोटारी यांतले काही आतून दिसू नये, हा त्या बांधाचा हेतू. लोकांना आत येण्यासाठी दरवाजा एकच. आत शिरताच जुन्या अमेरिकन गावातला बाजाररस्ता लागतो. त्याच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यांपेक्षा मुद्दाम लहान बांधले आहेत, त्यामुळे त्या आहेत त्याहून उंच भासतात. रस्त्याच्या टोकाला राजवाडा. तो अवघा ७७ फूट उंच, पण डोळ्यांना केवढा वाटतो! कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात वाचकाला घरातून उठवून आपल्या गावात आणून बसवावे लागते, ते किती कठीण असते हे मी थोडेफार जाणतो. येथे ते काम दीडशे पावलांत होते.

वॉल्ट डिस्नेविषयी एक गोष्ट सांगतात. तो स्वतः सामान्य माणसासारखा उद्यानात हिंडत असे. एकदा तो जंगलातल्या नदीच्या सफरीत बसला. सफर सात मिनिटांची ठरलेली होती, पण नावाड्याने गर्दी उरकण्यासाठी ती साडेचार मिनिटांत आटोपली. डिस्नेने तेथल्या व्यवस्थापकाला गाठून विचारले, की तू सिनेमाला गेलास आणि थिएटरवाल्याने चित्रपटाच्या मधले एक रीळ काढून टाकले, तर तुला कसे वाटेल? त्यानंतर नावाडी घड्याळ लावून तालीम करू लागले.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी चमकलो. आमचे आबा आणि वॉल्ट डिस्ने! एकाजवळ जत्रेपुरते पैसे, दुसऱ्याजवळ चित्रपटांचा कारखाना. पण दोघांच्या तोंडून एकच वाक्य निघाले. अडीच मिनिटे ही काही मोठी वेळ नव्हे. पण ती मधूनच काढली की सारी सफर खोटी होते, हे दोघांनाही कळले होते.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. कमी वेळ उघडे राहणे हा स्वतः काही गुन्हा नाही. डिस्नेलँड पुष्कळ वर्षे मंदीच्या दिवसांत सोमवारी आणि मंगळवारी बंद असे. १९८५ पासून ते वर्षभर रोज उघडे राहू लागले. डेन्मार्कमधले कोपनहेगनचे टिवोली उद्यान १८४३ साली सुरू झाले. डिस्ने १९५१ साली ते पाहून आला होता. तेही दीर्घकाळ उन्हाळ्यापुरतेच उघडत असे. थंडीत त्याच्या दाराला कुलूप. म्हणून कोपनहेगनकरांचे त्याच्यावरचे प्रेम आटले नाही. उलट, दार उघडण्याच्या दिवसाची वाट पाहण्यात एक गोडी असते. दार बंद ठेवणारा मालक निदान खरे बोलतो. आज काही नाही, या दिवशी या, म्हणून सांगतो. शिवाय त्या बंद दिवसांत रंग लागतो, यंत्रांना तेल मिळते.

दार उघडे ठेवून, तिकीट पुरे घेऊन आत कमी देणे, ही गोष्ट निराळी. आमची आई महागाईच्या वर्षी दिवाळीला करंज्या मोजक्या करीत असे. चाळिसाच्या पंचवीस होत. पण पंचवीसही सारणाने भरलेल्या असत. चाळीस करून आत वारा भरावा, असे तिच्या मनात कधी आले नाही. काटकसर आणि कपात यांतला फरक मी तिच्या परातीपाशी शिकलो.

डिस्नेलँडच्या इतिहासात या दुसऱ्या प्रकारचा एक काळ येऊन गेला, १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००३ पर्यंतचा. पूर्वी तेथे शिरस्ता असा, की दिवा विझण्याची वाट पाहावयाची नाही. त्याचे आयुष्य हिशेबाने ठरवावयाचे आणि ते संपण्यापूर्वीच तो बदलावयाचा. पुढे देखभालीचा दृष्टिकोन बदलला. ठराविक मुदतीने सरसकट तपासणी करण्यात पैसा वाया जातो, गरज दिसेल तेथे खर्च करावा, असा विचार आला. कागदावर तो शहाणपणाचाच दिसतो. पण लवकरच विझलेले दिवे आणि उडालेले रंग लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागले.

भाचीने मला एके ठिकाणी थांबवले. "मामा, वर बघ." डोक्यावरून एक रूळमार्ग वळणे घेत गेला होता. त्यावर काहीच धावत नव्हते. त्याची हकीकत अशी. तेथे पूर्वी सावकाश चालणारी एक गाडी होती. ती १९९५ साली बंद झाली. १९९८ साली त्याच जुन्या मार्गावर वेगवान गाड्या आणल्या. वेगाच्या गाडीला वळणावर रूळ कलता लागतो, पण पैसे वाचवण्यासाठी तो कलता केला नाही. परिणामी प्रत्येक वळणावर गाडीला वेग मारावा लागे. गाड्या बिघडत राहिल्या आणि २००० साली कायमच्या थांबल्या. एका ठिकाणी वाचवलेल्या पैशाने सगळी वस्तूच घालवली. नाटकाला उत्तम नट आणावा आणि त्याला तालीम देऊ नये, तसेच हे.

रात्रीच्या विद्युत्-मिरवणुकीची कथाही बोलकी आहे. १९७२ साली सुरू झालेली ही हजारो दिव्यांची मिरवणूक १९९६ साली निरोप समारंभ करून बंद केली, तिचे दिवेही आठवण म्हणून विकले. १९९७ साली तिच्या जागी नवा दिव्यांचा खेळ आणला. त्याचा पहिला प्रयोग वार्षिक पासवाल्यांना, म्हणजे सर्वांत निष्ठावंत लोकांना, पैसे घेऊन दाखवला. प्रयोग यंत्राच्या बिघाडाने रखडला आणि ही तालीम आहे असे समजा, असे सांगण्यात आले. त्या निष्ठावंतांनी हुर्यो केली. तो खेळ त्याच वर्षी बंद पडला. आणि जुनी मिरवणूक? ती २००१ साली शेजारच्या नव्या उद्यानात पुन्हा निघाली!

येथवर गोष्ट हसण्यावारी नेता येते. पण पुढे तसे राहिले नाही. २४ डिसेंबर १९९८ रोजी शिडाच्या जहाजाला थांबवणारी दोराची खुंटी उखडून धक्क्यावर उभ्या असलेल्या एका पाहुण्याचा बळी गेला. त्या कामावरच्या व्यक्तीला पुरेसे शिक्षण दिले नव्हते, असा सरकारी तपासाचा निष्कर्ष निघाला. ५ सप्टेंबर २००३ रोजी डोंगरातल्या आगगाडीच्या अपघातात आणखी एक तरुण गेला. त्याही वेळी तपासात सदोष देखभाल हेच कारण पुढे आले. विझलेला दिवा आणि सैल झालेला खिळा यांना पाहणारा हात एकच असतो. दिव्याविषयी कुरकुर करणारे लोक दिव्यापेक्षा मोठे काही बोलत होते, हे तेव्हा उघड झाले.

व्यवस्थापकांची बाजू मला दिसत नाही, असे नाही. पैशाचे सोंग आणता येत नाही. आपल्या बालगंधर्वांचेच पाहा ना. गंधर्व नाटक मंडळीच्या रंगभूमीवर भारी गालिचे, उंची वस्त्रे आणि अत्तराचा घमघमाट. रसिकांना कमी द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा. त्या बाण्याने मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. हिशेब न पाहणे हे कलेचे लक्षण नव्हे. प्रश्न एवढाच, की कात्री चालवणाऱ्याला वस्तूचा प्राण कोठे आहे ते ठाऊक आहे की नाही. गालिचा थोडा हलका चालेल, गाणे हलके चालणार नाही.

निष्ठावंतांचीही तारीफच करावी असे नाही. त्यांना प्रत्येक जुनी गोष्ट सोन्याची वाटते. आपल्या बालपणाला लागलेला गंज ते पुष्कळदा यंत्राच्या माथी मारतात. तरीही त्यांच्या तक्रारीत असे काही असते, जे हिशेबाच्या वहीत उमटत नाही. पहिल्यांदा येणारा पाहुणा जे समोर आहे तेवढेच पाहतो. जे काढून घेतले ते त्याला दिसत नाही. ते फक्त काल आलेल्याला दिसते. म्हणून तो मालकाला नकोसा वाटतो. आणि म्हणूनच तो मालकाचा खरा टीकाकार असतो. वाङ्मयातल्या टीकाकाराचे तरी याहून दुसरे काम कोणते?

त्या टीकाकाराचे ऐकले तर काय होते, हेही तेथेच दिसले. २००३ नंतर तेथील धोरण पालटले. २००५ च्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी रंगरंगोटी झाली, दुरुस्त्या झाल्या. शेजारचे दुसरे उद्यान २००१ साली हात आखडून उभारले होते आणि लोकांनी त्याकडे पाठ फिरवली होती. ते सुधारण्यासाठी २००७ साली १ अब्ज १० कोटी डॉलरची योजना जाहीर करावी लागली आणि २०१२ साली ते नव्या रूपात उघडले. आरंभी वाचवलेला पैसा कधीकधी असा व्याजासकट परत मागितला जातो.

हे सारे दूरदेशीचे झाले. पण मागे एकदा शाळेची सहल घेऊन मी आपल्याकडच्याच एका उद्यानात गेलो होतो. मुलांनी वर्षभर पैसे साठवले होते. आत गेल्यावर कळले, की दोन मोठे पाळणे बंद आहेत आणि उरलेलेही पाटीवरच्या वेळेच्या तासभर आधी थांबणार. सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, हे तिकिटाच्या खिडकीवर का नाही लिहिले?" मी तिला काहीतरी समजावले. पण तिने दुसऱ्या दिवशी वहीत सहलीवर निबंध लिहिला त्यात ते वाक्य पुन्हा होते. मी त्याला खाली रेघ मारली नाही. शुद्धलेखनाची चूक त्यात एकही नव्हती.

आता तंबूची गोष्ट पुरी करतो. पुढल्या वर्षी जत्रेत तंबू पुन्हा आला. पहिल्या रात्री आबा तिकीट काढायला आले तेव्हा मी त्यांच्या मागेच होतो. तंबूवाल्याने त्यांना हाक मारली आणि आतल्या पत्र्याच्या डब्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "आबा, सगळी रिळे आहेत. मोजून घ्या."

आबांनी मोजली नाहीत. तिकीट काढले आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले.