शेरलॉक होम्सची धूळ

कॉनन डॉईल यांच्या १८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ह्या कादंबरीत शेरलॉक होम्स जमिनीवरील करडी धूळ वेचून लिफाफ्यात घालतो. ही दृष्टी मार्मिक खरीच. १९१० साली एडमंड लोकार यांनी लियाँ येथे पोलिसांची प्रयोगशाळा काढली, तेव्हा तिला शास्त्राचे रूप आले. आमचा आक्षेप पुढे आहे. त्या लिफाफ्यावर मोहोर कोणी केली, तो कोणाकोणाच्या हातून गेला, हे ग्रंथकार सांगत नाहीत. छायाचित्र, मोजमाप, नोंद, मोहोर हेच तर घटनास्थळावरील तंत्रज्ञाचे खरे काम. नायकाच्या बुद्धिवैभवाने वाचक तृप्त होतो. न्यायासनाने तसे होऊ नये. लिफाफ्यांची अदलाबदल झाली, तर निरपराध्याच्या गळ्यास फास लागावयाचा. हा नीरस भाग सरस करून दाखविणारा रहस्यकथाकार आम्हांस हवा आहे.