नगरांचा शब्द आणि राष्ट्रांचा निर्णय

दक्षिण अमेरिकेतील ‘मेर्कोसिउदादेस’ या नगरसंघाचा गौरव करताना त्याच्या विस्ताराकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. आर्जेन्टिना, ब्राझील, पाराग्वाय व उरुग्वाय या राष्ट्रांनी १९९१ मध्ये ‘मेर्कोसुर’ या समाईक बाजारपेठेचा करार केला. पुढे १९९५ मध्ये मोंतेव्हिदेओ, रोसारिओ, पोर्तू आलेग्री आदी नगरांनी हा संघ स्थापिला. आज त्याची सभासदनगरे ३०० हून अधिक आहेत. परंतु संख्या म्हणजे सामर्थ्य नव्हे.

संघाचे नावच या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचे पूर्वपद बाजारवाचक आहे. उत्तरपद ‘सिउदाद’ म्हणजे नगर. त्याचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ नागरिकत्व किंवा नागरिकसमूह असा होतो. एकीकरण केवळ मालाचे नसून नागरिकांचेही असावे, हा दावा या सामासिक शब्दात अनुस्यूत आहे. मेर्कोसुरच्या रचनेने तो कितपत मान्य केला?

नगरपालिकांसाठी २००० मध्ये एक विशेष सभा निर्माण झाली. २००४ मध्ये तिची जागा नगरे व प्रांत यांच्या संयुक्त मंचाने घेतली. मात्र या मंचाच्या नावातच ‘सल्लागार’ हे विशेषण आहे. तो शिफारस करू शकतो. निर्णय राष्ट्रांचे प्रतिनिधी सर्वसंमतीने घेतात.

परराष्ट्रव्यवहार हे राष्ट्रशासनाचे क्षेत्र आहे आणि शेकडो नगरांना नकाराधिकार दिल्यास कारभार ठप्प होईल, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, रिव्हेरा व लिव्ह्रामेन्तु या जोडनगरांकडे पाहावे. एक उरुग्वायचे, दुसरे ब्राझीलचे. सीमा रस्त्यांवरून व समाईक चौकातून जाते. तेथील स्पॅनिश-पोर्तुगीज मिश्र बोलीकडे होसे पेद्रो रोना यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले, तेव्हा मेर्कोसुर अस्तित्वातही नव्हते. बोलीला कराराची गरज भासली नाही. पण सीमावासीयांच्या निवास, शिक्षण व नोकरीच्या हक्कासाठी २००२ मध्ये दोन राष्ट्रांना करार करावा लागला. गरज नगराला आधी कळते, अधिकार मात्र दूरच्या राजधानीत असतो.

म्हणून नगरांना नकाराधिकार नव्हे, तर प्रत्येक शिफारशीला सकारण व मुदतबंद उत्तर मिळण्याचा हक्क असावा, असे आम्हांस वाटते. अभ्यासकांनीही सभासदांची गणती करीत न बसता एखाद्या शिफारशीचा शेवटपर्यंत मागोवा घ्यावा. ज्याला उत्तर देणे कोणावरच बंधनकारक नाही, अशा बोलण्याला संवाद म्हणता येत नाही.