ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आणि रसिकाची आठवण

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याच्या छंदाचे कौतुक पुष्कळ होते. त्याची परीक्षा मात्र क्वचितच होते. संग्राहकास त्याच्या आवडत्या तबकडीविषयी विचारावे, तर तो गाण्याविषयी थोडे आणि आठवणींविषयी फार बोलतो. ती कोणी आणली, कोणत्या दिवाळीत वाजली, ती ऐकताना कोणाचे डोळे भरून आले, हेच तो सांगत बसतो. ह्या आठवणी खोट्या नव्हेत. परंतु त्यांस रसग्रहण म्हणावे काय, असा आमचा प्रश्न आहे.

प्रथम तबकडीची मर्यादा ध्यानात घ्यावी. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मैफिलीत तासभर फुलणारा ख्याल एवढ्या अवकाशात बसवावयाचा, म्हणजे विस्तार टाकून केवळ सार द्यावयाचे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे. उलट, ज्यांच्यापाशी केसरबाई शिकल्या त्या अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे तबकडीवर उतरलेच नाही. म्हणून त्यांची थोरवी कमी झाली असे कोणी म्हणत नाही. तात्पर्य, तबकडी हा गायकीचा पुरावा आहे, गायकीचे माप नव्हे.

मग आठवणीस काहीच मोल नाही काय? तसेही नाही. जालन्याचेच उदाहरण घेऊ. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच. अशा मुलखातील मराठी घरात बालगंधर्वांचे नाट्यपद वाजणे ही केवळ करमणूक नव्हती. जी मराठी रंगभूमी मुंबई-पुण्यास बहरत होती, तिचा एक अंश त्या घरात येत होता. येथे आठवण पदाच्या अर्थातच मिसळते. ती वजा करून त्या तबकडीचा विचार करू पाहणारा टीकाकार अर्धाच विचार करील.

तथापि आठवण आंधळी राहिली, तर ती खरखरीलाही माधुर्य मानू लागते. 'पूर्वीसारखे गाणे आता नाही' हे वाक्य बहुधा अशाच कानांतून जन्मते. ह्यावर उत्तम उतारा म्हणजे कुमार गंधर्वांची 'मला उमजलेले बालगंधर्व' ही दीर्घ ध्वनिमुद्रिका. कुमारांनी नक्कल केली नाही. ज्या पदांवर महाराष्ट्राने जीव टाकला, त्यांचे मर्म काय, हे त्यांनी स्वतःच्या आवाजाने व स्वतःच्या रीतीने शोधले. शीर्षकातील 'उमजलेले' हा शब्दच त्यांची भूमिका सांगतो. मूळ तबकडी आणि ही ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकावी. म्हणजे आठवणे आणि उमजणे ह्यांतील अंतर कानांस कळते. ज्यास दुसरी ऐकवत नाही, त्याचे प्रेम बालगंधर्वांवर आहे की आपल्या बाळपणावर, हे त्याने स्वतःस विचारावे.

म्हणून संग्राहकांस आमचे एकच सांगणे आहे: आठवणी सांगा, पण त्या लिहून ठेवा. तिरखवाँसारखा तबलजी गंधर्व नाटक मंडळीत होता. परंतु तबकडीवरच्या कागदी चकतीवर गायकाचे नाव असले, तरी साथीदारांची नावे बहुधा नसतात. मुद्रणाची तारीखही नसते. तबकडी घरी कधी आली, कोणी व कोठून घेतली, कोणत्या प्रसंगी वाजली, हे वडीलधाऱ्यांस विचारून पाकिटात कागदावर ठेवावे. लाखेची तबकडी हातातून सुटली की फुटते. व्हिनाइलची, जालन्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर पडली की वाकते. चावीचे यंत्र भंगारात गेले, तर गावच्या पोलादी भट्टीत वितळून त्याच्या निदान सळया होतील. पण सांगणारे माणूस गेले, की त्याच्याबरोबर गेलेली हकीकत पुन्हा मिळत नाही.

तबकड्यांची संख्या वाढविणे पैशाचे काम आहे. घरात आहे ती एक तबकडी नीट ऐकणे, तिच्यातील गाणे कोणते व आपली आठवण कोणती हे ओळखणे, आणि दोहोंस योग्य तो मान देणे, हे रसिकतेचे काम आहे. असा एक रसिक घरात असला, तर त्या घरचे लहानसे कपाटही संग्रह ह्या नावास पात्र होईल.