बेब रूथची सही आणि तज्ज्ञांचा दाखला

प्रगतिपुस्तकावरची सही वडिलांची की चिरंजीवांची, हे अनुभवी वर्गशिक्षकांना बहुधा एका नजरेत कळते. कसे कळते, हे सांगणे मात्र अवघड जाते. रेघ थरथरलेली असते, लेखणी मध्येच थबकलेली असते, असे काहीतरी आपण सांगतो. खरे म्हणजे गणितात त्या मुलाला शंभरांपैकी अकरा गुण पडले आहेत, हेही आपल्याला ठाऊक असते आणि निम्मा संशय तिथूनच आलेला असतो. हा दुसरा भाग कबूल न करता कोणी सह्यांची पारख करू लागला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील बेसबॉल कार्डांच्या बाजारात सापडते.

बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली ही पुठ्ठ्याची कार्डे पूर्वी सिगारेटच्या आणि नंतर च्युइंगगमच्या पाकिटांतून मिळत. आज जुन्या कार्डांना अफाट किंमत येते. १९५२ सालचे मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले, आणि त्यावर मँटलने हाताने केलेली सहीसुद्धा नव्हती. जुन्या कार्डावर खेळाडूची अस्सल सही असेल तर सामान्य कार्डाचे मोलही कितीतरी वाढते. साहजिकच सही ‘अस्सल’ असल्याचा दाखला देणे हा एक व्यवसाय झाला आहे. आमची टीका या दाखल्यावर आहे.

आधी या पारखीतला भक्कम भाग पाहू. १९५२ च्या टॉप्स कंपनीच्या कार्डांवर खेळाडूच्या सहीची प्रतिकृती छापलेलीच असे. दहापट भिंगातून पाहिल्यास चित्राचा भाग रंगीत ठिपक्यांचा बनलेला दिसतो, तर लेखणीची शाई सलग असते आणि छपाईच्या वर बसलेली असते. मुळात कार्डच नवे असेल तर तेही ओळखता येते. कागदाला शुभ्रता आणणारी चकाकणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आली, त्यामुळे १९३३ चे म्हणून दाखवलेले कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरे झळकले तर ते त्या सालचे नव्हे. लू गेरिग हा खेळाडू जून १९४१ मध्ये वारला आणि अमेरिकेतील दुकानांत बॉलपेन आले ऑक्टोबर १९४५ मध्ये. तेव्हा बॉलपेनने केलेली गेरिगची सही कितीही हुबेहूब असली तरी ती खोटी. इथे वादाला जागाच नाही.

पण या सर्व कसोट्या फक्त ‘नाही’ म्हणू शकतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. एखाद्याने १९३३ चे खरेखुरे, कोपरे झिजलेले स्वस्त कार्ड घेतले, जुन्या धाटणीचे शाईपेन घेतले आणि सही ठोकली, तर भिंग आणि दिवा दोन्ही गप्प बसतात. शाईचे पृथक्करण करायचे तर ती थोडी खरवडावी लागते, आणि त्याला कार्डाचा मालक सहसा राजी होत नाही. मग उरते ती फक्त नजर. सवयीने केलेली सही वेगात होते, तिची टोके निमुळती असतात. नकल करणारा सही ‘काढतो’, म्हणून रेघ जड होते. तत्त्व बरोबर आहे, पण नकल करणाऱ्याने एकच सही हजारो वेळा गिरवली तर त्याचाही हात सुटतो. शिवाय खऱ्या माणसाची सही तरी कुठे स्थिर असते? कुंपणापाशी घाईत केलेली, म्हातारपणी केलेली, सगळ्या वेगळ्या. प्रसिद्ध खेळाडूंच्या वतीने संघाचे नोकरच सह्या करीत, हा आणखी एक घोळ.

हे निव्वळ तर्कट नाही. एफ.बी.आय.ने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाचा तपास केला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात छापे घातले. ग्रेग मरिनो नावाचा मनुष्य त्या टोळीसाठी मोठ्या प्रमाणावर सह्या करीत होता. टोनी ग्विन या खेळाडूला तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्या आढळल्या होत्या. जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही निघाला! बनावट मालासोबत रीतसर दाखले दिले जात. सर्वाधिक मागणी असलेल्या सह्यांपैकी निम्म्याहून अधिक बनावट असाव्यात, असा एफ.बी.आय.चा अंदाज होता.

आता थोडा हिशेब करू. समजा, बाजारात १००० सह्या आहेत, त्यांतल्या ६०० खोट्या. तज्ज्ञ शंभरात ९० वेळा बरोबर ठरतो, असे उदार मनाने धरू. तो ४०० खऱ्यांपैकी ३६० ना दाखला देईल आणि ६०० खोट्यांपैकी ६० नाही देईल. म्हणजे दाखला मिळालेल्या ४२० पैकी ६० खोट्या, सातांत एक. खोट्यांचे प्रमाण हजारात ९०० असेल तर ९० खऱ्या आणि ९० खोट्या पास होतील, म्हणजे दाखला आणि नाणेफेक सारखेच. तज्ज्ञ तोच, नजर तीच. बदलले ते प्रगतिपुस्तकातले गुण.

त्यातही वाईट म्हणजे एकदा पास झालेली खोटी सही पुढच्या वेळी ‘नमुना’ म्हणून तुलनेला वापरली जाण्याची शक्यता असते. मग चूक स्वतःच स्वतःचा पुरावा बनते. मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून वेगळी वाट धरली. त्यांचा साक्षीदार सही होताना समोर हजर असतो आणि तिथल्या तिथे क्रमांकित चकचकीत चिकटपट्टी लावली जाते. ही पारख नव्हे, नोंद आहे, म्हणूनच ती विश्वासार्ह. पण बेब रूथ १९४८ मध्ये वारला, त्याच्या सहीला ही सोय नाही.

जुन्या सह्यांच्या दाखल्यांत ‘आमच्या मते’ असे शब्द असतात. गिऱ्हाईक ते वाचत नाही, आणि त्यात चुकीचे प्रमाण किती हेही लिहिलेले नसते. आमचे म्हणणे असे की तज्ज्ञांनी खऱ्या-खोट्या सह्यांचे मिश्रण, कोणती कुठली हे न कळता तपासावे आणि आपल्या चुका मोजून जाहीर कराव्यात. ‘अस्सल’ऐवजी ‘विरुद्ध पुरावा आढळला नाही’ एवढेच लिहावे. अशाने कार्डांचे भाव उतरतील, हे उघड आहे.

शिक्षकांना हा प्रयोग आठवीच्या वर्गात करता येईल. पाच मुलांनी आपली सही प्रत्येकी दहा वेळा करावी, दुसऱ्या पाच जणांनी आठवडाभर सराव करून तिची नकल करावी. चिठ्ठ्या एकत्र करून उरलेल्या वर्गाकडून निवाडा घ्यावा. मग फळ्यावर दोन आकडे लिहावेत: खऱ्यांपैकी किती नापास झाल्या आणि खोट्यांपैकी किती पास. दुसऱ्या फेरीत खोट्या चिठ्ठ्या चौपट कराव्यात, पण ते वर्गाला आधी सांगू नये.