शिलालेख वाचण्याचा अधिकार कुणाचा?

एका अभ्यासवर्गात मी कैरोच्या परिषदेविषयी बोलत होतो. प्राचीन मिसरचे लोक मूळचे कोण, यावर युनेस्कोने १९७४ साली ती भरविली होती. सेनेगलचे शेख अन्ता दिओप यांनी तेथे ठामपणे मांडले की ते लोक कृष्णवर्णीय आफ्रिकी होते, आणि पुराव्यादाखल त्या लोकांच्या लेखांतली भाषाच पुढे ठेवली. माझे बोलणे संपण्याआधीच श्रोत्यांतले एक प्राध्यापक उठले. म्हणाले, "शिलालेखांवर तज्ज्ञांनी बोलावे. कार्यकर्त्यांनी मोर्चे काढावेत." सभा हसली. मी गप्प बसलो. ते उत्तर आज देतो.

तज्ज्ञ कोणाला म्हणायचे? उत्तरासाठी मिसरला जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणे येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. हा लेख १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ते पेशाने वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांचे काम मोठेच आहे. पण नाडी पाहणाऱ्या माणसाने शिलालेख वाचला तर तो व्यासंग, आणि आपण वाचला तर ती आगळीक, हा न्याय कुठला?

आता त्या लेखाकडेच पाहा. त्याचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, शेवट मराठीत. दानाचा खरा हिशेब या मराठीत येतो: बाजारात येणाऱ्या मालावर मठाला काय द्यायचे, दर घाण्यामागे किती तेल द्यायचे. संस्कृत श्लोकांसाठी पंडित हवा, कबूल. पण घाणा आणि पळी समजावून घ्यायला तेल्याच्या दारात बसावे लागेल. त्याचे नाव तळटीपेत तरी येते काय?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले. फारसी घ्यावी लागली. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहिताना संस्कृतावरील अधिकाराचा प्रश्न त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत उचलला आणि त्याला उत्तर दिले. ज्यांनी दार लावले, त्यांनीच पुढे विचारावे की तुम्ही आत कसे नव्हता!

पण मित्रहो, यातून आपल्याला मोकळीक मिळत नाही. दिओप घोषणा घेऊन कैरोला गेले नव्हते. ते मिसरी भाषा शिकून गेले होते. सगळे विद्वान त्यांना वश झाले नाहीत. तरीही दिओप आणि त्यांचे सहकारी ओबेंगा यांच्या तोडीची तयारी सर्वांची नव्हती, अशी नोंद परिषदेच्या अहवालातच झाली. आपल्यातले काहीजण मात्र लिपी न शिकताच प्रत्येक लेण्यात हवे ते वाचतात. हे प्रस्थापितांचेच दुखणे आहे. फक्त रोगी बदलला. जातीने कोणी तज्ज्ञ होत नाही, तसे सोसण्यानेही कोणी तज्ज्ञ होत नाही. सोसण्यातून प्रश्न मिळतो. उत्तर अक्षरांतूनच काढावे लागते, आणि ते दुसऱ्याला तपासता आले पाहिजे.

मी असोद्याचा. १८८० साली बहिणाबाई चौधरी याच गावात जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. म्हणजे ज्या कागदावर तज्ज्ञपण छापून मिळते, त्याच्या माथ्यावर एका निरक्षर बाईचे नाव आहे. याचा मला अभिमान वाटतो. पण एक सलही आहे. बहिणाबाईंच्या ओव्या टिपून घ्यायला सोपानदेवांसारखा मुलगा होता, त्यांना प्रस्तावना द्यायला आचार्य अत्रे होते. महारवाड्यातल्या जात्यावर जे गायिले गेले, ते टिपायला कोण होते?

म्हणून आता आपणच टिपायचे. ब्राह्मीची अक्षरे काही आठवड्यांत शिकता येतात. चार पोरे, एक फळा आणि रविवारची दुपार एवढ्यावर वर्ग सुरू होतो. त्या प्राध्यापकांनाही मी बोलावणार आहे. त्यांनी यावे, आमचे वाचन तपासावे, चुकले तर खोडावे. मात्र त्यांचे वाचन आम्हीही तपासू.