साचा ठरला, मजकूर राहिला

पश्चिम रेल्वेवरच्या वसई रोड स्थानकाचा संकेत आहे 'बीएसआर'. इंग्रजी अमदानीतल्या 'बसीन रोड' या नावातून तो आला, आणि नाव गेले तरी संकेत राहिला. रोज चर्चगेट गाठणाऱ्या वसईकराचे त्यावाचून काही अडत नाही. पण 'वसईहून सकाळची गाडी शोध' असे काम एखाद्या एआय एजंटला सांगितले आणि त्याच्या हातातल्या टूलच्या वर्णनात नुसते 'स्टेशन कोड द्या' असे असले, तर तो अंदाजाने 'व्हीएसआर' भरू शकतो. टूल म्हणते, 'निकाल नाही'. एजंट त्याचा अर्थ लावतो, गाडी नाही.

हा दोष मॉडेलच्या माथी मारणे सोपे आहे. खरे तर तो टूल लिहिणाऱ्याचा आहे. निदान एरर तरी 'असा कोड नाही. वसई रोडसाठी बीएसआर' इतकी बोलकी असती, तर एजंटने पुढच्याच खेपेला चूक सुधारली असती.

एजंटसाठी टूल कसे मांडायचे, याचा साचा आता बराच स्थिरावला आहे. ओपनएआयने जून 2023 मध्ये फंक्शन कॉलिंग आणले. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. टूलचे नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या प्रकारात द्यायची हे सांगणारा जेसन स्कीमा, अशी ती चौकट. मात्र 'अमाउंट: नंबर' एवढेच लिहिलेले टूलही या चौकटीत बिनबोभाट बसते. रेझरपेच्या एपीआयला रक्कम पैशांत लागते, म्हणजे 500 रुपयांसाठी 50000. यूपीआयच्या पेमेंट लिंकमध्ये तीच रक्कम रुपयांत, 500.00 अशी जाते. एकाच एजंटकडे दोन्ही टूल्स असली आणि एकक लिहिलेले नसले, तर चूक होईल ती थेट शंभर पटीची.

जमिनीचे उदाहरण आणखी बोलके आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहितात. 0.40.50 म्हणजे शून्य हेक्टर, 40 आर, 50 चौरस मीटर. एकूण 4050 चौरस मीटर, साधारण एकरभर. तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. एजंटने मात्र हा आकडा 0.40 एकर असा वाचला, तर एकराचे 16 गुंठे होतात. टूलच्या वर्णनात एक ओळ हवी: 'हेक्टर.आर.चौ.मी.; हा दशांश नाही; रूपांतराआधी चौरस मीटर काढा.' जाणकाराला सांगायची गरज नसते ते लिहायचे राहून जाते, आणि एजंट नेमका तिथेच अडखळतो.

काही वेळा वाक्य सुधारण्यापेक्षा टूल बदलणेच बरे पडते. एजंट फोल्डर बदलून गेला की सापेक्ष पाथ चुकवतो, हे अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांच्या लक्षात आले. लांबलचक सूचना लिहिण्याऐवजी त्यांनी टूलला पूर्ण पाथ सक्तीचा केला आणि ती चूक थांबली, असे त्यांनी डिसेंबर 2024 मध्ये नोंदवले. प्रिन्स्टनच्या 'एसडब्ल्यूई-एजंट' या कोड दुरुस्त करणाऱ्या एजंटने त्याच वर्षी हीच दिशा धरली होती: फाइलच्या एका वेळी थोड्याच ओळी दाखवायच्या आणि वाक्यरचना मोडणारा बदल स्वीकारायचाच नाही.

उलट टोकही वाईटच. पन्नास टूल्सची पानभर वर्णने वाचण्यातच मॉडेलच्या संदर्भाची जागा भरून जाते. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात. त्यामुळे काटकसरीची वेळ आली की आधी मराठी नावे आणि पर्यायी स्पेलिंगे उडतात.

शिवाय वर्णनावर विश्वास किती ठेवायचा, हाही प्रश्न आहेच. टूल फक्त माहिती वाचते की काही पुसूनही टाकते, हे सांगणाऱ्या खुणा एमसीपीत मार्च 2025 मध्ये आल्या. पण अनोळखी सर्व्हरने दिलेल्या खुणांवर विसंबू नका, असे तोच प्रोटोकॉल बजावतो. पुढच्याच महिन्यात इन्व्हेरियंट लॅब्स या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की, वर्णनातच छुपे हुकूम पेरून एजंटकडून खासगी माहिती बाहेर काढता येते. लिहिणाऱ्याची स्पष्टता एजंटवर जितकी चालते, तितकीच लबाडीही.

बर्कलेचा फंक्शन कॉलिंग लीडरबोर्ड मॉडेलांना गुण देतो, टूल लिहिणाऱ्यांना नाही. ती परीक्षा ज्याची त्यालाच घ्यावी लागते, आणि तीही स्वच्छ, पाठ्यपुस्तकी वाक्यांवर भागत नाही. वसई-विरारसाठी टूल करायचे तर चाचणीला तिथले लोक फोनवर टाइप करतात तशीच वाक्ये हवीत: अर्धी मराठी, अर्धी रोमन लिपीत, नालासोपाऱ्याचे स्पेलिंग दर वेळी वेगळे आणि जमिनीचे क्षेत्र विचारलेले गुंठ्यांत.