टिपण आणि विधान : नव्या संशोधकाच्या लेखनसाधनांविषयी

पीएच.डी.साठी नव्याने नोंदणी झालेल्या मराठीच्या विद्यार्थ्याला जे मार्गदर्शन मिळते, ते बहुधा व्यवहारापुरते असते. रूपरेषा कशी करावी, प्रकरणे किती असावीत, संदर्भसूचीत प्रकाशनवर्ष कोठे टाकावे, समास किती सोडावा, अशा गोष्टी त्याला सांगितल्या जातात. हे सांगणे आवश्यकच असते. परंतु या मार्गदर्शनामागे एक गृहीतक असते आणि ते सहसा तपासले जात नाही. संशोधन म्हणजे सामग्री जमवणे आणि लेखन म्हणजे जमवलेली सामग्री ठरलेल्या कप्प्यांत मांडणे, असे हे गृहीतक आहे. ते एकदा मान्य केले की लेखनाची साधने ही केवळ सोयीची बाब ठरते. कार्ड असो, वही असो की संगणक, ज्याला जे जमेल ते त्याने वापरावे, एवढ्यावर विषय संपतो.

प्रस्तुत लेखात याहून वेगळी भूमिका मांडायची आहे. टिपण घेण्याची रीत प्रबंधाची रचना बऱ्याच अंशी आधीच ठरवून टाकते. म्हणून टिपणाचा प्रश्न व्यवहाराचा असला तरी तो समीक्षेचाही प्रश्न आहे, आणि संशोधकाला द्यायचा पहिला सल्ला त्याविषयीच असला पाहिजे.

प्रबंध हा एक लेखनप्रकार आहे असे मानून आपल्याकडील वाङ्मयीन प्रबंधांकडे पाहिले, तर त्याचा एक रूढ घाट सहज डोळ्यांत भरतो. 'अमुक लेखकाचे साहित्य : एक चिकित्सक अभ्यास' असे शीर्षक, पहिल्या प्रकरणात चरित्र आणि कालखंडाची पार्श्वभूमी, दुसऱ्यात वाङ्मयप्रकाराचे सैद्धांतिक विवेचन, पुढे आशय, व्यक्तिचित्रण, वातावरणनिर्मिती आणि भाषाशैली यांना प्रत्येकी एक प्रकरण, अखेरीस उपसंहार. या घाटाची एक सोपी कसोटी आहे. मधल्या प्रकरणांचा क्रम बदलून पाहावा. तिसरे प्रकरण पाचवे केले आणि पाचवे तिसरे केले, तरी काहीच बिघडत नसेल, तर त्या प्रबंधात युक्तिवाद नाही असे समजावे. युक्तिवादात एका विधानावर दुसरे उभे असते, त्यामुळे त्याचा क्रम हलवता येत नाही. यादीचा क्रम मात्र कसाही लावता येतो.

हा दोष लेखनाच्या वेळी उद्भवत नाही, वाचनाच्या वेळीच त्याचे बीज पडते. विद्यार्थी कादंबरी हातात घेण्यापूर्वीच 'स्त्रीचित्रण', 'सामाजिक आशय', 'निसर्गवर्णन', 'संवाद' असे मथळे तयार करतो आणि वाचताना त्या-त्या मथळ्याखाली उतारे उतरवून घेतो. दोन वर्षांनी त्याच्याजवळ हजारभर उतारे जमतात, पण त्यांपैकी एकाविषयीही त्याचे स्वतःचे वाक्य नसते. मग प्रबंध लिहिताना दोन उताऱ्यांच्या मधली जागा 'येथे लेखकाने अत्यंत प्रभावीपणे चित्रण केले आहे' यासारख्या वाक्यांनी भरावी लागते. या वाक्यात कोणतेच विधान नाही, कारण त्याचा प्रतिवाद करणे कोणालाही शक्य नाही.

एक उदाहरण घेऊ. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी, १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि नंतर ग्रंथरूपाने आली. यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. 'स्त्रीचित्रण' या मथळ्याखाली या कादंबरीतून कितीही उतारे काढता येतील आणि त्यांतून नवे काहीही निष्पन्न होणार नाही. याउलट, यमू सांगता सांगता कोठे थांबते, कोणती गोष्ट पुढे सांगण्यासाठी राखून ठेवते, हे एखाद्याने टिपले आणि त्याखाली 'हे राखून ठेवणे निवेदिकेच्या संकोचातून येते की साप्ताहिकाच्या अंकमर्यादेतून?' असे एकच वाक्य लिहिले, तर त्याला पुढे काय करायचे ते कळते. त्याला 'करमणूक'चे अंक शोधावे लागतील, अंक कोठे संपतो आणि ग्रंथातले प्रकरण कोठे संपते हे ताडून पाहावे लागेल, आणि मगच निवेदनाविषयी बोलता येईल. त्या एका वाक्याने वाचनाची दिशा, ग्रंथालयाची फेरी आणि एका प्रकरणाचा आराखडा या तिन्ही गोष्टी दिल्या.

म्हणून टिपणाचे तीन भाग स्पष्टपणे वेगळे ठेवावेत. पहिला भाग स्थळनिर्देशाचा : ग्रंथ, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ, आणि प्रत कोणत्या ग्रंथालयात पाहिली ते. दुसरा भाग मूळ शब्दांचा, अवतरणचिन्हांसह, मूळ लेखनपद्धती न बदलता. तिसरा भाग आपल्या वाक्याचा. हे वाक्य क्रियापदासह पूर्ण असावे. 'महत्त्वाचे', 'पाहावे' असे शेरे तेथे चालू नयेत. प्रत्येक टिपणावर तारीख असावी. सहा महिन्यांनी मत बदलले तर जुने वाक्य न खोडता खाली नवे लिहावे, म्हणजे आपला विचार कसा सरकला याचा पुरावा हाती राहतो.

दुसरा आणि तिसरा भाग वेगळे ठेवण्याची गरज किती मूलभूत आहे, हे उंबेर्तो एको यांच्या अनुभवावरून कळते. प्रबंध कसा लिहावा यावर त्यांनी १९७७ मध्ये इटालियन विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले. त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये आला. स्वतःच्या प्रबंधातील एका अडचणीची उकल आपल्याला व्हाले नावाच्या, फारशा मान्यता नसलेल्या एका धर्मगुरूच्या जुन्या ग्रंथात सापडली, असे त्यांनी त्यात सांगितले आणि कोणताही ग्रंथ क्षुद्र मानू नये असा बोध काढला. पुढे तो ग्रंथ पुन्हा उघडून पाहिल्यावर ती कल्पना तेथे तशी नव्हतीच, असे त्यांच्या ध्यानात आले. व्हाले बोलत होता वेगळ्याच गोष्टीविषयी. कल्पना सुचली होती ती वाचणाऱ्याला. एकोंसारख्या सावध अभ्यासकाच्या स्मरणात लेखकाचे म्हणणे आणि आपली प्रतिक्रिया यांची सरमिसळ होऊ शकते, तर नवख्याने केवळ स्मरणावर विसंबू नये हे उघड आहे. आपल्याकडे ही सरमिसळ दोन्ही दिशांनी होते. आपले विधान आधारासाठी मोठ्या समीक्षकाच्या नावावर घातले जाते आणि समीक्षकाचे वाक्य नकळत आपल्या परिच्छेदात मुरते.

टिपणांच्या मांडणीचा दुसरा धडा जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांच्या पेटीतून घेता येईल. सुमारे ९०,००० टिपणांचा त्यांचा संग्रह २०११ मध्ये बीलेफेल्ड विद्यापीठाने मिळवला. त्यांची टिपणे विषयवार लावलेली नव्हती. प्रत्येक टिपणाला क्रमांक होता, आणि एका टिपणातून सुचलेले दुसरे टिपण त्याच्या शेजारी उपक्रमांक घेऊन बसत असे. त्यामुळे मथळा आधी आणि विचार नंतर, असा प्रकार तेथे होऊ शकत नव्हता. या पद्धतीचे आज बरेच कौतुक होते आणि तिच्या अनुकरणासाठी संगणकीय साधनेही निघाली आहेत. मात्र लुमान यांनी ही पेटी काही दशके चालवली. २०२२ च्या नियमावलीनुसार आपल्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात, आणि त्यांतच अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक पुरे करायचे असतात. पेटीची निगा राखण्यातच ही वर्षे गेली तर प्रबंध होणार नाही. घेण्यासारखे एवढेच, की दोन टिपणांमधला संबंध टिपणावरच नोंदवावा आणि मथळे उशिरा द्यावेत.

आता संदर्भसाधनांकडे वळू. शं. ग. दाते यांची १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश यांच्याशी परिचय नसताना मराठीत संशोधन करता येत नाही. यांपैकी हे तिन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय संग्रहात सर्वांना खुले आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला ही मोठीच उपलब्धी आहे. तथापि शोधयंत्राचा वापर करताना मराठीच्या लेखनाचा इतिहास विसरून चालत नाही. १९६२ चे लेखननियम रूढ होण्यापूर्वीच्या मजकुरात 'काही' हा शब्द 'कांहीं' असा आढळतो. आजच्या लेखनाप्रमाणे शोध घेणाऱ्याला तो तेथे नाहीच असे वाटेल. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी नोंदला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. आणि युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेल्या मजकुरामागे यंत्राला देवनागरी अक्षरेच दिसत नाहीत. तेव्हा 'हा शब्द या लेखकाने वापरलेला नाही' असे नकारार्थी विधान केवळ यंत्राच्या साक्षीवर कधीही करू नये.

संदर्भसूची जुळवून देणारी साधनेही आता हाताशी आहेत. २००६ पासून उपलब्ध असलेले झोटेरो विनामूल्य आहे आणि त्यात देवनागरी नोंदी ठेवता येतात. ते अवश्य वापरावे. परंतु त्याच्या 'लेखक' या चौकटीत काय भरायचे, हा निर्णय वाङ्मयेतिहासाचा असतो. 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आले. हे नाव बाळूताई खरे यांनी घेतलेले होते. पुढे त्या मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेल्या. सूचीत यांपैकी कोणते नाव धरावे? टोपणनाव धरले तर पहिल्या वाचकांसमोर पुस्तक कसे आले ते कळते. विवाहोत्तर नाव धरले तर एका लेखिकेचे सर्व लेखन एकत्र येते, पण त्या काळात टोपणनावाची गरज का भासली हा प्रश्न झाकला जातो. कोणतीही निवड केली तरी तिचे कारण संशोधकाला सांगता आले पाहिजे.

वाङ्मयचौर्य ओळखणाऱ्या यंत्रणेविषयी विद्यार्थ्यांत सर्वाधिक धास्ती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय मानलेले नाही. याचा परिणाम असा, की टक्का कमी करणे हीच सचोटी असे समीकरण रूढ होऊ पाहते. यंत्र मोजते ते शब्दांचे साम्य. दुसऱ्याचा विचार शब्द बदलून उचलला तर तो यंत्रातून सुटू शकतो, आणि जुन्या टंकातील किंवा केवळ छायाप्रतीच्या रूपात असलेला मराठी मजकूर तर यंत्राच्या तुलनेत येतच नाही. सचोटीचा खरा पुरावा टिपणवहीत असतो. ज्याच्या टिपणात मूळ शब्द आणि स्वतःचे वाक्य वेगळे आहे, त्याला टक्क्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

२०२२ च्या अखेरीपासून मागाल त्या विषयावर सफाईदार परिच्छेद लिहून देणारी साधने सर्वत्र झाली आहेत. ती अस्तित्वात नसलेले ग्रंथही संदर्भ म्हणून देतात, हा धोका एव्हाना परिचित आहे. परंतु दिलेला प्रत्येक संदर्भ खरा असता तरी आक्षेप उरतोच. 'प्रभावीपणे चित्रण केले आहे' हे वाक्य यंत्र उत्तम लिहिते, आणि असेच वाक्य प्रबंधात चालते असे आपण वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहोत. ज्या घाटात संशोधकाच्या निर्णयाला जागाच नव्हती, तो घाट यंत्राने भरला याचे आश्चर्य वाटू नये. घाट तसाच ठेवून यंत्रावर बंदी घातल्याने फारसे साध्य होणार नाही.

या सर्व विवेचनातून नव्या संशोधकाने लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी निघतात. विषयाचे शीर्षक काहीही असो, त्यामागचा प्रश्न एका प्रश्नार्थक वाक्यात लिहून टेबलासमोर लावावा आणि दर तीन महिन्यांनी तो पुन्हा लिहावा. संहितेची कोणती आवृत्ती प्रमाण मानायची हे आरंभीच ठरवून त्याची कारणे नोंदवावीत. वाचन संपल्यावर लेखन सुरू करू, असे म्हणू नये. पहिल्या महिन्यापासून आठवड्याला एक पान लिहावे, मग ते प्रबंधात येवो न येवो. 'सैद्धांतिक विवेचन' हे प्रकरण सर्वांत शेवटी लिहावे आणि पुढील विश्लेषणाला ज्या संकल्पना प्रत्यक्ष लागल्या तेवढ्याच तेथे ठेवाव्यात. प्रत्येक प्रकरणाचे सार एका विधानात सांगता येते का आणि त्या विधानाला कोणी विरोध करू शकेल का, हे पाहावे. मार्गदर्शकाकडे जाताना पानांच्या संख्येऐवजी हे विधान घेऊन जावे.

मराठीत पीएच.डी.ला नोंदणी करणाऱ्यांत घरातील पहिला पदवीधर असलेला, लहान गावच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा विद्यार्थी मोठ्या संख्येने आढळतो. त्याच्यासाठी पदवी नोकरीशी बांधलेली आहे. अशा विद्यार्थ्याला ठरीव घाट हाती देणे हे मार्गदर्शकाला सहानुभूतीचे वाटते, कारण त्यामुळे त्याचे काम लवकर उरकते. परंतु साहित्यकृतीविषयी स्वतःचा निर्णय घेण्याची आणि तो आधारासह मांडण्याची जी संधी त्याला कदाचित एकदाच मिळणार असते, ती या सहानुभूतीत निसटते. पुढे तोच शिक्षक होतो आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती तोच घाट देतो. ही साखळी तोडायची असेल तर आरंभ पहिल्या महिन्यातील पहिल्या टिपणापासून करावा लागेल. मार्गदर्शकाने त्या टिपणातील तिसरा भाग वाचायला मागावा, आणि तो कोरा असेल तर पुढच्या पुस्तकाकडे जाऊ देऊ नये.